कबनूरची डिस्क

पोरगं वाईट न्हवतं, हेच तर माझं दुखणं हुतं. वाईट असतं तर चार शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

२००८ सालची गोष्ट. कोल्हापुरात आमच्या सहकारी बँकेच्या मुख्य कचेरीत सर्व्हरच्या खोलीचा मालक मी, बाळासो. म्हंजी मालक बँकच, पण सगळी तसंच म्हणायची. चार सर्व्हर एकमेकांना जोडलेले, एक बंद पडला तर शेजारच्यानं त्याचं काम ओढायचं. ज्या भागातल्या शाखा ज्याच्यावर, तिथलंच नाव मी त्याला ठेवलेलं, कळंबा, जोतिबा, कबनूर आणि गडहिंग्लज. शेजारच्या कपाटात खणाखणातनं डिस्का बसवलेल्या, सगळ्या शाखांचा व्यवहार त्यांच्यावर. आता कुठली डिस्क कुठल्या सर्व्हरची, हे यंत्राला सांगावं लागतंय. एका म्हशीला दोन मालक झाले की दूध ऱ्हातंय बाजूला आणि मारामारी सुरू, तसलंच हे. ते सांगायचं काम माझं. नवी डिस्क आली की साहेब म्हणणार, "बाळासोला बोलवा." मेव्हणीच्या लग्नात पंगतीतनं उठून आलोय मी! बायको, स्वप्नाली, आठ दिवस बोलली न्हाय. पण खरं सांगू? मला मनातनं लई बरं वाटलं हुतं.

अशात शिवकुमार आला. गडहिंग्लजचा, बेंगळूरात नोकरी करून आलेला. पहिल्या दिवसापासनं मला "अण्णा, अण्णा" करत मागं मागं. आणि बघता बघता बाबानं एक प्रोग्राम लिवला. डिस्क खणात सरकवायची, बास. ती आपोआप ज्या त्या सर्व्हरच्या नावावर चढणार. माणसानं हात लावायचं कामच न्हाय.

घोरपडे साहेब खूश. पण म्हणाले, "खंडेनवमीला बघू. बाळासो चालतंय म्हणाला तर ठेवायचं. न्हाय म्हणाला तर काढून टाकायचं, परत विषय न्हाय."

घरी सांगितलं तर स्वप्नाली पदर तोंडाला लावून हसाय लागली. "अगं बया! तुमच्या त्या खोलीनं दुसरा दादला केला म्हणायचा!"

मला भाकरी ग्वाड लागंना.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेतकरी नांगर पुजतो, गवंडी थापी पुजतो, आमच्या बँकेत डिस्का पुजतात. बाहेरचा इंजिनियर ऐकला की कपाळावर हात मारून घेतोय, पण रीत ती रीत. सांजच्याला व्यवहार थांबले की आधी सगळ्याची नक्कल काढून ठेवायची, सर्व्हर बंद करायचे, मग डिस्का काढून, पुसून पाटावर मांडायच्या. हळदकुंकू पाटाला, फूल डिस्कंला. पूजा झाली की ज्या त्या खणात मीच परत लावायचो, तोंडपाठ. माझी सगळी मांडणी खणावर चालायची, एक खण चुकला तर सर्व्हर दुसऱ्याच्याच डिस्कंवर हक्क सांगणार. त्यामुळं सगळी कचेरी दाराशी श्वास धरून उभी असायची. आमदार असल्यागत वाटायचं.

त्या साली शालूबाईंनी, आमच्या जुन्या कारकून बाईंनी, आरती केली आणि मी म्हणलो, "मीच लावतो." मुद्दाम सगळ्या चुकीच्या लावल्या. कळंब्याच्या जोतिबाच्या खणात, गडहिंग्लजच्या कबनूरच्या. वर कुणाला न सांगता एक नवीकोरी डिस्क मधीच घुसवली. शिवकुमार शेजारी उभा राहून एकेक हातात देत हुता. त्याला काय दिसंना व्हय? सगळं दिसत हुतं. आणि हसून म्हंतोय कसा, "लावा अण्णा, कशीबी लावा!"

आग लागो तुझ्या हसण्याला, म्हणलं मनात.

बटण दाबलं. पिवळे दिवे लुकलुकाय लागले. मी खूश, आता मेलं बेणं! पण एकेक करत हिरवे झाले की सगळे. त्याचा प्रोग्राम खण बघतच न्हवता. प्रत्येक डिस्कंवर कंपनीनं घातलेला वेगळा नंबर असतोय, तो वाचून ज्याची त्याला देत हुता. शिपाई गुंडूनं टाळ्या वाजवल्या. मुस्काटात द्यावी वाटली त्याच्या.

"आणि ती कोरी?" मी विचारलं.

खरा सापळा तोच हुता. जोतिबाकडं सगळ्यात कमी डिस्का. कुठलंबी यंत्र तिकडंच देणार. मी दिली असती कबनूरला. दिवाळी तोंडावर, यंत्रमागवाल्यांचे बोनस, सुताची बिलं, तिकडचं काम धबाधबा वाढत हुतं. जागा संपणार ती तिथंच.

पडद्यावर नाव आलं, कबनूर.

"हे तुला बेंगळूरात शिकवलं काय रे?"

"न्हाय अण्णा. आल्यापासनं तुम्हाला बघतोय की. कुणाकडं किती हाय ते तुम्ही बघत न्हाय, कोण किती भराभर भरतोय ते बघताय. तेच लिवलं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बेंगळूरातनं आणलं असतं तर सोसलं असतं, शपथ. सवत परवडली. पण सवतीनं माझाच संसार माझ्याच हातानं केल्यागत करावा, आणि माझ्यापेक्षा नीट करावा? वर तोंडावर काय, तर मान! माझ्याबद्दल मान!

तेवढ्यात साहेबांचा फोन. "काय बाळासो, चालतंय का काढायचं?"

"न्हाय" म्हणलो असतो तर संपलं हुतं. साहेबांनी कारणसुद्धा विचारलं नसतं. माझ्या शब्दाला तेवढी किंमत हुती. शिवकुमार तर माझ्याकडं बघतबी न्हवता. मी खरंच बोलणार हे धरून चालला हुता आणि वाकून शालूबाईंच्या संगं पाटावरची फुलं गोळा करत हुता.

"चालतंय," मी म्हणलो.

"आं? ऐकू येईना."

"चालतंय म्हंतोय की! माझ्यागतच चालतंय!"

"झ्याक!" साहेब म्हणाले. "मग आता बायकापोरं घेऊन जा कुठंतरी चार दिवस. लई राबलास. आता तू नसलास तरी आमचं काय अडत न्हाय."

आणि हे ते लई मायेनं बोलले.