घरगल्लीतलं पहिलं घमेलं

पाडव्याआधी चाळीतली प्रत्येक खोली धुऊन निघायची. जळमटं, गाद्यांतला कुजका कापूस, फुटक्या बरण्यांच्या काचा, सगळं मागच्या खिडकीतून खाली जायचं. खाली म्हणजे घरगल्लीत. काळाचौकीची ही चाळ आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभी असलेली दुसरी चाळ यांच्यामधला तो अरुंद बोळ. वरच्या मजल्यांवरची घरं लख्ख व्हायची आणि तळमजल्यावर बकुळाच्या खिडकीपाशी कचऱ्याचा ढीग आणखी वर चढायचा. लग्न होऊन आली तेव्हापासून ती खिडकी बंदच होती.

१९६० सालच्या पाडव्यानंतर तिची लेक बेबी बाळंत झाली आणि मुलाला घेऊन माहेरी आली. दवाखान्यातून निघताना नर्सबाईंनी बजावलं होतं, "आजी, खोलीत वारा खेळता ठेवा हं. कोंदट जागेत पोराला खोकला धरतो."

घरी आल्यावर बकुळानं जोर लावून खिडकीची एक फळी उघडली. घाणीचा भपकारा आत आला. गजांपलीकडे एक घूस बसली होती. ती हललीसुद्धा नाही. बकुळानं फळी लावली, पुढ्यात ट्रंक सरकवली आणि बाळाला दाराजवळ निजवलं.

त्या रविवारी चौकात चाळ कमिटीची बैठक होती. एक मेला महाराष्ट्र होणार होता. कमान कुठं, पताका किती, रोषणाई कशी, याची चर्चा रंगली होती. बकुळा सहसा बोलत नसे. मिलच्या वायंडिंग खात्यातलं सूत गुंडाळायचं काम आणि घर, एवढंच तिचं जग. त्या दिवशी ती जिन्याच्या पायरीवरून उठली.

"कमान पुढं लावा, पण मागची घरगल्ली साफ करा आधी. आमच्या घरात तान्हं पोर आहे. उंदीर-घुशी काय माझ्या एकटीकडेच थांबणारेत?"

नाना कमिटीचे चिटणीस होते. तिसऱ्या मजल्यावर राहायचे, कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी मान हलवली आणि बकुळाच्या नवऱ्याकडे वळले. "बरोबर आहे. रामदास, तुमच्यातली चार माणसं आण की. चहापाण्याचं आपण बघू."

रामदास शांतपणे म्हणाला, "नाना, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आपण दोघं पोलिसांच्या एकाच गाडीत कोंबले गेलो. लॉकअपमध्ये एका भांड्यातलं पाणी प्यालो. तेव्हा मी तुमच्यातला होतो ना?"

नाना चष्मा पुसू लागले. "तसं नाही रे, माझ्या म्हणण्याचा अर्थ..."

"अर्थ कळला," बकुळा म्हणाली. "बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ते काम आम्ही टाकलं, नाना. माझ्या खिडकीतून गल्लीत काडीसुद्धा पडत नाही. तरी मी घमेलं उचलीन. पण दुसरं. पहिलं उचलणार नाही. ते ज्यानं टाकलं, त्यानं उचलायचं."

ती घरात गेली. बेबी म्हणाली, "आई, कशाला बोललीस? आता कोणीच काही करणार नाही."

"नाही करणार तर नाही. पण बोलले ना मी."

आठवडा गेला. कमानीचे बांबू आले, गल्ली तशीच राहिली. मग एका दुपारी राधाबाई बाळाला बघायला आल्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खानावळ होती. त्या मूळच्या मालवणच्या, आवाज असा की नाक्यापर्यंत ऐकू जावा. इतकी वर्षं शेजार होता, पण बकुळाच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्याशी जरा थांबल्या आणि मग अळिवाच्या लाडवांचा डबा घेऊन आत आल्या. बाळाच्या कपाळावर घामोळं उठलं होतं.

"काय गो बकुळा, खिडकी बंद कित्याक? पोराक वारो नको?"

बकुळानं ट्रंक सरकवली आणि खिडकी उघडली.

राधाबाईंनी नाकाला पदर लावला. बाहेर थेट गजांना टेकून माशांची डोकी, खवलं, काटे सडत पडले होते. चाळीत इतकी मासळी एकाच घरात शिजायची. त्या बघत राहिल्या.

"ह्यां आमच्याच खानावळीचां मा?"

"हो," बकुळा म्हणाली.

राधाबाईंनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागून फावड्याचा आवाज आला. बकुळा धावत गल्लीच्या तोंडाशी गेली. राधाबाई कासोटा घट्ट खोचून, तोंडाला फडकं बांधून, घोटाभर घाणीत उभ्या होत्या. रात्रपाळी करून खानावळीत जेवायला आलेले गिरणी कामगार वरच्या खिडक्यांतून वाकून बघत होते.

"बघतास काय मेल्यांनो!" राधाबाई ओरडल्या. "बांगडे खाताना बरे वाटले? येवा खाली!"

भरलेलं घमेलं त्यांनी स्वतः कचराकुंडीत नेऊन ओतलं. परत आल्या तेव्हा बकुळा पदर खोचून फावडं मारत होती. दुसरं घमेलं तिनं भरलं, राधाबाईंनी हात लावला आणि दोघींनी मिळून ते उचललं.

त्यानंतर माणसं येत गेली. नाना धोतर वर खोचून आले. कोणाकडे न बघता ते रांगेत रामदासच्या शेजारी उभे राहिले. घमेली या हातातून त्या हातात जाऊ लागली. काचांसाठी वेगळी बादली ठेवली. घुशींची बिळं काचेचा चुरा आणि सिमेंट घालून बुजवली, गळका पाइप बांधला, फिनेल ओतलं. संध्याकाळी भिंतींना चुना लागला. गल्लीला तळाशी फरशी आहे, हे कित्येकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

राधाबाईंनी खानावळीच्या दाराशी कचऱ्यासाठी झाकणाचा डबा ठेवला. कोणाच्या खिडकीतून साधी कांद्याची साल पडली तरी त्या अशा काही कडाडत की सगळे मजले ऐकत.

एक मेला कमानीखाली सनई वाजत होती. पलीकडच्या चाळीतल्या बायका घरगल्ली बघायला आल्या, तेव्हा नानाच त्यांना घेऊन मागं बकुळापाशी आले. "ह्या बकुळाबाई," ते म्हणाले. "हे यांच्यामुळं झालं." चाळीत कोणी 'बाई' लावून तिचं नाव घेतलं, ती पहिलीच वेळ. बकुळानं पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

महिन्याअखेरीस जावई शिवा बेबीला न्यायला नायगावहून आला. बाळ खिडकीखाली हातपाय हलवत खेळत होतं. बेबीनं पिशवी भरायलाच घेतली नव्हती.

"अजून पंधरा दिवस राहते मी," ती नवऱ्याला म्हणाली. "इथं वारा छान येतो."

बकुळा चहाचं आधण ठेवत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही, पण साखर टाकताना तिचा हात जरा सैलच पडला.