दोनशे बारा नंबरचा बिल्ला

आमचं संग्रहालय म्हणजे जुन्या शाळेच्या तीन खोल्या. पहिलीत अवजारं, दुसरीत कागदपत्रं आणि फोटो, तिसरीत बंद पडलेल्या काच कारखान्याचं सामान. चाळीस वर्षं इथलं सगळं मीच बघते. नोंदी मी करते, झाडू मी मारते, आणि शाळेची पोरं आली की 'हात लावू नका' म्हणून घसा कोरडा मीच करते. अध्यक्ष आहेत, पण ते वर्षातून एकदा खुर्चीत बसायला येतात.

तिसऱ्या खोलीत कारखान्याचा हजेरीचा बोर्ड आहे. दाराएवढी लाकडी फळी, मधोमध रेघ, डावीकडे 'बाहेर' लिहिलेलं, उजवीकडे 'आत', आणि दोन्हीकडे खिळ्यांच्या रांगा. प्रत्येक कामगाराचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला. कामावर आलं की आपला बिल्ला 'बाहेर'वरून काढून 'आत' लावायचा, सुटी झाली की परत 'बाहेर'.

आता सगळे बिल्ले 'बाहेर'च्या बाजूला असतात. फक्त दोनशे बारा नंबरचा, मी रोज सकाळी कुलूप उघडते तेव्हा, 'आत' गेलेला असतो.

सुरुवातीला वाटलं, पोरांची खोडी असेल. मग उंदरांवर संशय घेतला. उंदीर नंबर बघून बिल्ले उचलत नाहीत हे पटायला मला वर्ष लागलं. पुढे बोर्डाला काचेचं कपाट केलं, त्याला कुलूप लावलं, किल्ली माझ्या कमरेला. तरी तेच. वर बिल्ला हाताला गरम लागायचा. त्या खोलीची एकमेव खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, तिथे ऊन कधी येतच नाही. मी इतकी घाबरायचे की खोलीत शिरताना मुद्दाम मोठ्याने खोकायचे, आत कुणी असेल तर त्याने आवरून घ्यावं म्हणून.

माणसाला कशाचीही सवय होते. हळूहळू मी त्याच्याशी बोलायला लागले. "निघालात का परत कामावर? कोण घेतंय तुमची हजेरी?" असं म्हणून त्याला 'बाहेर' टांगायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. एकदाच अध्यक्षांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "बाई, चार दिवस रजा घ्या." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

मागच्या महिन्यात एका गुरुवारी दुपारी एक बाई आली. पंचावन्नच्या आसपासची, गळ्यात मोजायची टेप तशीच राहिलेली. बाजारामागच्या गल्लीत ती ब्लाउज शिवते, हे मला माहीत होतं. माझेही तिनेच शिवलेत, आणि एकही वेळेवर दिलेला नाही.

"ताई, कारखान्याचा हजेरीचा बोर्ड तुमच्याकडे आहे ना?" तिने विचारलं. "माझे वडील भट्टीवर होते."

एकोणपन्नास वर्षांपूर्वी कारखान्याची मोठी भट्टी भर दुपारी फुटली. ज्यांचे देह हाती लागले त्या सतरा जणांची नावं फाटकाजवळच्या दगडावर आहेत. कंपनीने तेवढीच नावं लिहिली, हजेरीच्या खोलीला कुलूप ठोकलं आणि हात झटकले. शिंपीणबाईचे वडील त्या सतरांत नव्हते. कंपनी म्हणाली, हा माणूस त्या दिवशी कामावर आलाच नव्हता. झालं, गावाला तेवढंच पुरलं. कुणी म्हणालं रस्त्यातूनच पळाला, कुणी त्याच्या जोडीला एक बाईही लावून दिली.

"मी सहा वर्षांची होते," ती म्हणाली. "सकाळी वडील डबा घेऊन गेले ते मला आठवतं. आई आता अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. नवरा टाकून गेला म्हणूनच तिने जन्म काढला, ताई. ती जायच्या आत मला एवढंच कळायला हवं, त्या दिवशी त्यांचा बिल्ला कुठल्या बाजूला होता."

"नंबर?" मी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"दोनशे बारा. डब्याच्या झाकणावर ठोकलेला होता."

कारखाना पाडला तेव्हा, अपघातानंतर नऊ वर्षांनी, तो बोर्ड आमच्याकडे आला. हजेरीच्या खोलीत तोवर कुणी पाऊल टाकलेलं नव्हतं. तो काढून आणणारा सुतार देवमाणूस होता, वाटेत एकही बिल्ला हलू नये म्हणून त्याने प्रत्येक खिळा सुतळीने बांधून आणला होता. मी चोवीस वर्षांची, नोकरीला लागून महिना झालेला, अंगात उत्साह मावत नव्हता. मी सगळ्या सुतळ्या कापल्या. धूळ आणि काजळी बघून जीव वरखाली झाला, म्हणून सगळे बिल्ले एका बादलीत टाकले, घासून लख्ख केले आणि नंबराप्रमाणे ओळीने 'बाहेर'च्या बाजूला लावले. सगळे सुटून घरी गेलेत असं दिसावं, म्हणून. मला ते फार बरं वाटलं होतं.

वस्तू ज्या अवस्थेत आली त्या अवस्थेची नोंद आधी करायची, मग तिला हात लावायचा, हा या कामाचा पहिला धडा. तो मी दोन वर्षांनी एका प्रशिक्षणात शिकले. तिथे वहीत लिहून घेताना माझा हात थांबला होता, पण मी कुणाला काही बोलले नाही.

शिंपीणबाईला मी हे सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "म्हणजे दिसत होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही धुऊन टाकलंत."

"हो."

मग मी तिला तिसऱ्या खोलीत नेलं. दोनशे बारा तिच्या समोर 'बाहेर'च्या खिळ्यावर नीट बसवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली तिच्या हातात दिली. खोलीचीही दिली. "उद्या दहा वाजता तुम्हीच उघडा," मी म्हणाले. तिला मी चळलेय असंच वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी ती साडेनऊलाच दारात उभी होती. तिने खोली उघडली, कपाट उघडलं. बिल्ला 'आत' होता. तिने तो तळहातावर घेतला आणि चटका बसल्यासारखा दुसऱ्या हातात बदलला. मग गालाला लावून तिथेच खाली बसली. मी तिच्या शेजारी बसले. आमच्या दोघींच्या अंगावर काटा होता, आणि तरी मला त्या माणसाची भीती वाटली नाही, स्वतःची लाज वाटली. बाकीचे सतरा का हलत नाहीत, ते मला आत्ता कळत होतं. त्यांना कुणीतरी मोजलं होतं. हा बिचारा रोज सांगत होता की मी आत आहे, आणि मी चाळीस वर्षं रोज सकाळी त्याला बाहेर काढत होते.

तिने बिल्ला 'आत'च्या खिळ्यावर परत लावला. मी तो तसाच राहू दिला आणि आम्ही तिच्या घरी गेलो.

शिलाई मशीनच्या मागे खाट होती. म्हातारी मुठीएवढी झाली होती, पण डोळे लख्ख होते. "काकू, मी संग्रहालयातून आलेय," मी म्हणाले. "तुमचे यजमान त्या दिवशी कामावर गेले होते. भट्टी फुटली तेव्हा ते आत होते. ते कुठेही पळून गेले नाहीत."



"आत होते?"

"हो, काकू."

"मग मी इतकी वर्षं शिव्या कुणाला घातल्या?" तिने लेकीला विचारलं. लेकीने तिचा हात धरला. म्हातारी मग माझ्याकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात सांगायला लागली. "बरीच वर्षं मी वाट बघितली. हिच्या लग्नात व्याह्यांनी विचारलं, बाप कुठेय, तेव्हा डोकं फिरलं माझं. घरात त्या माणसाचे तीन फोटो होते. तिन्ही चुलीत घातले."

"लग्न कधी झालं तुमचं?" मी शिंपीणबाईला विचारलं. मला ते विचारायचं नव्हतं.

"बावीस पूर्ण झाली तेव्हा."

मी मनात हिशेब केला. बोर्ड आमच्याकडे येऊन तेव्हा सात वर्षं झाली होती.

म्हातारीने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता, पण तिने सोडलंही नाही.

"तुम्ही गावातलं सगळं जुनं जपून ठेवता म्हणे," ती म्हणाली. "ह्यांचा एखादा फोटो असेल ना तुमच्याकडे?"

आमच्याकडे चार हजार फोटो आहेत. एकूणएक मी ओळखते.

"नाही, काकू," मी म्हणाले.