एकाच टाकीची काठी

मी बोलतेय, पण आधीच सांगून ठेवते, मी म्हाताऱ्यांच्या आधाराची काठी नाही आणि कोणाच्या पाठीत बसणारीही नाही. कोपरापासून बोटापर्यंत भरेल एवढी माझी लांबी, अंगावर ओळीने खाचा. लहान विमानाच्या टाकीत बुडवायचं, बाहेर काढायचं आणि कुठपर्यंत ओली झाले ते बघायचं, एवढंच माझं काम. विमानाला काठी लागते हे ऐकून लोक हसतात. माझा धनी मात्र मला विचारल्याशिवाय कधी उडाला नाही. हे मी का सांगतेय ते पुढे कळेल. त्याच्याबद्दल लोक भलतंच बोलत होते.

माझा जन्म सुतारकामाच्या दुकानात झाला. दोन भावांचं दुकान. थोरला मापं घ्यायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. धाकटा रंधा मारायचा. धाकट्याचं शाळेशी कधी जमलं नाही, आणि डोकं असं गरम की खिळा वाकडा गेला तर हातोडी भिंतीवर. सगळी दुनिया थोरल्याला मिस्त्री म्हणायची. धाकटा म्हणायचा दादा. मीही दादाच म्हणते, कारण मला घडवणारे हात त्याचे.

दादाला लहानपणापासून विमानाचं वेड. दुकान चालायला लागल्यावर तो उडायला शिकला, परवाना मिळवला आणि एक जुनं, दोन माणसांचं विमान घेतलं. वहिनी म्हणाली, "लोक खुर्च्या बनवून पोट भरतात, तुम्ही खुर्च्या बनवून वर जा." पण पहिल्यांदा बसून आली ती तीच.

त्या विमानाच्या पहिल्या मालकाला लांब लांब जायची हौस होती. त्याने पंखांत मुद्दाम मोठ्या टाक्या बसवून घेतल्या होत्या. आतल्या बाजूला पेट्रोल दाखवणारा काटा होता, पण त्याचा काही नेम नव्हता. टाकी भरलेली असली तरी तो मध्येच लोळायचा. मेकॅनिक म्हणाला, "या काट्यावर जाऊ नका. काठी बनवा."

खुर्चीच्या पायातून उरलेला एक फिकट तुकडा दादाने उचलला. फिकट एवढ्यासाठी की ओल चटकन दिसावी. पेट्रोलची ओल थांबत नाही, बघता बघता उडून जाते. मला तासून, घासून घेऊन दोघं विमानतळावर गेले. टाकी पूर्ण रिकामी केली. मग शिडीवर चढून धाकटा एकेक कॅन ओतायचा, दादा मला बुडवायचा आणि ओल संपेल तिथे चाकूने खाच पाडायचा.

"सांडू नकोस, सरबत नाही ते," दादा म्हणाला.

"सरबत असतं तर तू मला वर चढू दिलं असतंस का?"

माझ्या वरच्या टोकाला दादाने अंगठा बसेल असा खळगा केला. त्याच्याच अंगठ्याच्या मापाचा. बाकी कोणाचाही अंगठा त्यात नीट बसत नाही.

मग माझे दिवस सुरू झाले. उडायच्या आधी दादा विमानाभोवती एक फेरी मारायचा. चाकं दाबायचा, पंखाची कड चाचपायचा, शेवटी शिडीवर चढून मला आत सोडायचा. कोणी घाई केली तर म्हणायचा, "काटा थापा मारतो, काठी मारत नाही." हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं की धाकटाही दुकानात गिऱ्हाइकांना ऐकवायला लागला.

पहिल्या वर्षांत आम्ही उडायचो तेव्हा धावपट्टीच्या टोकाला नुसतं गवताळ माळरान होतं. मग एक घर आलं, मग गल्ली, मग गल्लीला गल्ली. छपरांवर पाण्याच्या टाक्या आल्या. माणसं मोठी गमतीची. आवाजाची तक्रार करतात आणि पोर कडेवर घेऊन आम्हालाच बघून हात हलवतात. दादा पंख हलवून उत्तर द्यायचा. पण एकदा उतरल्यावर तो मेकॅनिकला म्हणाला, "आता इथे इंजिन बंद पडलं तर टेकायला जागा नाही." मेकॅनिक म्हणाला, "मग बंद पडू देऊ नका." दोघं हसले. मीही त्याला विनोदच समजले होते.

दादाचा एक मित्र होता, दातांचा डॉक्टर. त्याचंही विमान होतं, त्याच जातीचं, तसंच पांढरं. एकदा दादाचं इंजिन दुरुस्तीला उघडलं होतं आणि नेमकं दुसऱ्या गावच्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं माप घ्यायला जायचं होतं.

"माझं घेऊन जा मिस्त्री," डॉक्टर म्हणाला. "काल जरा फिरवलं होतं, पेट्रोल तेवढं बघून घे."

"बघितल्याशिवाय मी जातो होय? काठी आहे की माझी."

"काठी तुलाच लखलाभ. मी आपला गळ्यापर्यंत भरतो आणि निघतो."

त्या सकाळी दुकानातून निघताना धाकटा एका दाराला पॉलिश पेपर मारत होता. मोठं, जड दार. बसवायला दोन माणसं हवीत.

"दादा, हे आज लावून द्यायचंय."

"दुपारी येतो. मी आल्याशिवाय उचलू नकोस, कंबर मोडून घेशील."

विमानतळावर दादाने नेहमीसारखी फेरी मारली. शिडीवर चढला. मला डॉक्टरच्या विमानाच्या टाकीत सोडलं, आधी एका पंखात, मग दुसऱ्या. तळाला टेकले, वर आले. त्याने ओल वाचली. जाऊन येऊन पुरेल, वर थोडं उरेलही. मग तो आत बसला आणि काट्याकडे बघितलं. काटा बराच खाली होता. दादाने नखाने काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

"तूही थापाड्याच का?" दादा काट्याला म्हणाला.

पेट्रोलपंपावरचा माणूस नाश्त्याला गेला होता. दादाने त्या बंद खिडकीकडे एकदा बघितलं, घड्याळाकडे एकदा. मग मला सीटमागच्या खिशात ठेवलं आणि आम्ही उडालो.

त्या दिवशी काटा खरं बोलत होता.

माझ्या खाचा मोठ्या टाकीच्या. डॉक्टरच्या विमानाला साध्या, आखूड टाक्या. दोन पातेली घ्या, खोली सारखी, पण एक अरुंद. दोन्हीत चार बोटं पाणी ओता. बोट बुडवाल तर चारच भरेल, पण पाणी काही सारखं नाही. मी तळाला टेकून ओल तेवढी दाखवली. ती किती पेट्रोलची, हे मला फक्त एकाच टाकीपुरतं शिकवलेलं. आपल्या टाक्या मुद्दाम मोठ्या बसवलेल्या आहेत, हे दादाला माहीत होतं. पण रोज हाताखालची गोष्ट माणसाला जगाची रीत वाटायला लागते. तसंच झालं.

जाताना सगळं ठीक होतं. त्याने मापं घेतली, परत निघालो. धावपट्टी समोर दिसायला लागली आणि इंजिन खोकलं. मग पुन्हा. दादा त्याला म्हणाला, "आहे रे, अजून आहे." मग आवाज थांबला. विमानातली शांतता कशी असते ते मला तेव्हा कळलं. वारा तेवढा शिट्टी वाजवत होता.

खाली सगळी घरं. दादाने गल्लीतला रस्ता धरायचा प्रयत्न केला. लोक नंतर म्हणाले की त्याने घरं वाचवायला जीव दिला, तर कोणी म्हणालं की रस्त्यावर उतरायची हुशारी करायला गेला. मी आत होते. त्याला जगायचं होतं आणि कोणाला लागू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच. पंख एका छपरावरच्या पाण्याच्या टाकीला लागला आणि आम्ही गरकन फिरून एका घराच्या मागच्या खोलीत शिरलो.

त्या घरात शिवणकाम करणाऱ्या मावशी राहायच्या. त्या पुढच्या दारात गिऱ्हाइकाला पडदे देत होत्या म्हणून वाचल्या. पडलेल्या भिंतीने त्यांचा खांदा मात्र मोडला. शिलाई मशीनचा चुरा झाला. दादा गेला. आग लागली नाही. गल्ली म्हणाली, केवढं नशीब. नशीब कसलं, टाक्यांत जळायला काही उरलंच नव्हतं.

पेट्रोल नव्हतं हे लगेच बाहेर आलं आणि मग तोंडं सुटली. पेट्रोल न बघताच उडाला. चार पैसे आले की माणसाला आकाश अपुरं पडतं. धाकटा दोन ठिकाणी मारामारी करून आला. वहिनी म्हणाली, "तू किती तोंडं फोडणार आहेस? आधी त्या मावशींची भिंत बघून ये."

तो हत्यारांची पेटी घेऊन गेला. मावशी हात गळ्यात बांधून ओट्यावर बसल्या होत्या.

"तू त्याचा भाऊ ना?" त्या म्हणाल्या. "तुझा भाऊ हवा खायला गेला आणि माझी मशीन माझ्याच घरात मेली. जरा टाकी बघून निघाला असता तर?"

"माझा दादा काठी बुडवल्याशिवाय उडत नव्हता."

"मग काठीने काय सांगितलं त्याला?"

धाकट्याने मागच्या खोलीच्या चौकटीचं माप घेतलं, दोनदा चुकला, आणि पेटी तिथेच टाकून सरळ अपघाताची तपासणी चालली होती त्या हँगरमध्ये, विमानं ठेवायच्या शेडमध्ये गेला.

मी तिथेच होते, पुराव्याची चिठ्ठी बांधून टेबलावर. तपासणी करणाऱ्या मॅडम चष्मा डोक्यावर सरकवून पंखात डोकावत होत्या.

"मॅडम, तुम्ही काय लिहिणार? दादाने बघितलं नाही असंच ना?"

"अजून काहीच लिहिलं नाही. काठी सापडली आहे. वापरली होती की नाही, ते काठी सांगत नाही."

"ती आमच्या दुकानात बनली आहे. मी ओतत होतो, दादा खाचा पाडत होता."

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "कुठल्या विमानात ओतत होतास?"

"आमच्या."

मग त्यांनी धाकट्याला डॉक्टरच्या विमानाच्या शाबूत राहिलेल्या पंखाकडे नेलं, पंख आडवा, सपाट बसवला, मोजलेलं पाणी टाकीत ओतलं आणि मला धाकट्याच्या हातात दिलं. त्याने मला बुडवलं. वर काढून बघितलं. ओतलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मी दाखवत होते. त्याने पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच.

"म्हणजे दादाने मोजलं होतं," तो म्हणाला.

"पंपावर न भरता निघाला, म्हणजे भरवसा ठेवण्यासारखं काहीतरी त्याने बघितलं असणार. मोजलं असणार. दुसऱ्या टाकीच्या काठीने. आणि काटा कमी दाखवत असणार. दोघांचं जमत नव्हतं, तिथेच थांबायला हवं होतं."

धाकट्याने मला दोन्ही हातांत धरलं आणि गुडघ्यावर आणलं. माझ्या अंगातून एक बारीक करकर गेली. ती चीर अजून आहे.

"मोड," मॅडम म्हणाल्या, "पण मग तुझा भाऊ बेफिकीर नव्हता, हे सांगायला माझ्याकडे काही उरणार नाही."

मग त्याने मला टेबलावर ठेवलं आणि तिथेच खाली बसून रडला.

अहवालात मॅडमनी ते लिहिलं. मावशींना धाकट्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बघितलं होतं बिचाऱ्याने. माझा खांदा काही त्याने बरा होत नाही. पण बरं झालं सांगितलंस." खोलीचं नवं दार बसवताना दुसरं टोक डॉक्टरने धरलं. त्याला दार धरता येत नव्हतं. धाकट्याने न चिडता त्याला कुठे धरायचं ते दाखवलं.

तपासणीचं काम संपल्यावर मला घरी पाठवलं. धाकट्याने मला दुकानाच्या माळ्यावर, दादाच्या हत्यारांत ठेवलं. रोज खाली उतरवायचा, त्या खळग्यात अंगठा ठेवून बघायचा. बसायचा नाही. तरी ठेवायचा. मला तिथे बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

वहिनीने दादाचं विमान विकायला काढलं. एका छापखान्याच्या मालकाला ते आवडलं. नुकताच परवाना मिळालेला, गोड माणूस. मेकॅनिकने तो लोळणारा काटा दुरुस्त करून दिला आणि त्याला सगळं समजावलं. मग त्याने धाकट्याला विचारलं, "याची काठी कुठे आहे?"

"नाही," धाकटा म्हणाला. मी त्याच्या पिशवीत होते.

"असू दे. इथल्या विमानवाल्यांच्या क्लबात एक पडलेली असते, तीच वापरेन. अशाच विमानाची आहे म्हणतात."

धाकट्याचा चेहरा उतरला. मला वाटलं आता हा त्या माणसावर धावून जाणार. पण तो म्हणाला, "साहेब, ती हातात धरू नका. थांबा इथेच."

त्याने मेकॅनिककडून सळई घेतली, तापवली, आणि विमानावरची नावाची अक्षरं बघून बघून माझ्या अंगावर डागली. त्याला लिहायची सवय नाही, एक अक्षर तिरकं आलं. मग टोकाला भोक पाडून मला साखळी लावली आणि त्या साखळीचा आकडा विमानाच्या आत अडकवला.

"ही याच विमानाची," तो म्हणाला. "दुसऱ्यात घालायची नाही. कोणी मागितली तरी द्यायची नाही. आता बुडवा माझ्यासमोर."

त्या माणसाने साखळी सोडली, शिडीवर चढला, मला बुडवलं, खाच वाचून सांगितली.

"काटा काय म्हणतो?" धाकट्याने विचारलं.

तो आत वाकला. "तेवढंच म्हणतो."

"मग जा."

तेव्हापासून मी याच विमानात आहे. अंगाला चीर आहे, एक अक्षर तिरकं आहे, आणि खळग्यात नव्या धन्याचाही अंगठा बसत नाही. दुकानात त्या धाकट्याने आता विमानतळावरच्या सगळ्या विमानांच्या काठ्या करायला घेतल्या आहेत. ज्याची त्याची टाकी रिकामी करून, काठीच्या अंगावर ज्या त्या विमानाचं नाव डागून. कॅन ओतायला शिडीवर आता दुसरंच कोणीतरी असतं.

विमान चालवणाऱ्यांनो, एवढंच मागणं आहे. मला विचारा, पण आधी मी कोणाची ते विचारा. काटा आणि मी वेगवेगळं बोललो, तर आमच्यातल्या लाडक्याचं ऐकू नका. विमानातून खाली उतरा. पंपावरचा माणूस नाश्ता करून येईपर्यंत थांबा. खाली लोक पडदे शिवत असतात. आणि तुमच्याही घरी एखादं जड दार भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. त्याचं दुसरं टोक धरायला कोणीतरी तुमचीच वाट बघत असतं.