पाखऱ्याचा पाय

"मालक, ह्याचा खूर तापला हाय," पाखऱ्या बैलाच्या उजव्या पुढच्या पायावरचा हात न काढता डोमाजी म्हणाला. "नाल काढा लागते."

"मागच्या बाजारी तर मारले," खेमसिंग म्हणाला. "नवीन हाय, थोडा आखडनच."

"आखडून नाही राह्यला. पायच टेकून नाही राह्यला थो."

"मंग बिना नालाचा ह्या मुरमावर पयवतं काय? बस छकड्यावर."

डोमाजी खेमसिंगचा सालदार आणि नेरच्या शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, त्याची जोडी हाकणारा धुरकरी. त्याची तुतारी, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी, साऱ्या तालुक्याला माहीत होती. त्या साली कापसानं सगळ्यांनाच मान खाली घालायला लावली होती. खेमसिंगला निदान पटात तरी ती वर करायची होती. आणि खरं सांगायचं तर जिंकायची चटक डोमाजीलाही होती. तो बसला.

झेंडी पडली. डावा बैल लांब उड्या टाकत सुटला. पाखऱ्या मात्र उजवा पाय टेकतो न टेकतो तोच उचलत होता. छकडा एका अंगाला ओढू लागला. शेजारची जोडी पुढे सरकली, तशी डोमाजीनं तुतारी टोचली. पाखऱ्या उसळला, पुन्हा मागे पडला. डोमाजीनं खिळा पुठ्ठ्यात रुतवला आणि फिरवला. पुन्हा रुतवला. रक्ताचे शिंतोडे त्याच्या तोंडावर आले. तापलेला खूर तो विसरला होता. समोर फक्त दुसऱ्या छकड्याची धूळ होती.

दुखरा पाय वाचवता वाचवता पाखऱ्याचा डावा गुडघा मुडपला. तो तोंडावर आपटला, एक शिंग मुळापासून तुटलं. छकडा उलटला आणि डोमाजी दूर फेकला गेला.

खेमसिंग धावत आला. छकड्याच्या कडेची उभारी, लाकडी दांडा, उपसून तो पडलेल्या बैलाच्या तोंडावर मारू लागला. "नाक कापलं माहं. ऊठ."

"मालक, पुरे."

खेमसिंग थांबेना. डोमाजीनं उभारी हिसकली आणि त्याच्याच खांद्यावर हाणली. मग खेमसिंगची माणसं डोमाजीवर पडली. लाथांनी त्याचे पुढचे दात गेले, एक बरगडी मोडली.

"हा बैल आन् हा मानूस, दोनी मेले माह्यासाठी," जाताना खेमसिंग म्हणाला.

डोमाजी सरपटत पाखऱ्याजवळ गेला. कुणीतरी दिलेल्या पकडीनं त्यानं नाल उपटला. खुराच्या कडेत बसायचा एक खिळा आत जिवंत मांसात गेला होता. तो निघताच काळं रक्त आणि पू वाहू लागला.

पाखऱ्याला बंडीत घालून डोमाजीच्या घरी आणलं. डोमाजी त्याच्यापाशी बसून राहिला, जेवेना. त्याची बायको नंदाबाई ताट घेऊन आली.

"तुमी काहून जीव जाळता? खिळा तं त्या नालवाल्यानं मारला."

"त्यानं एकच मारला," डोमाजी म्हणाला.

पाखऱ्या जगला, लंगडा राहिला. नंदाबाईच्या हातून तो कडबा खायचा, तिच्या पदराला नाक घासायचा. डोमाजीनं मात्र माश्या हाकलायला हात उचलला, तरी त्याच्या पुठ्ठ्याची कातडी थरथरायची. म्हणून रोज सकाळी डोमाजी पाण्याची बादली त्याच्यापुढे ठेवायचा, गोठ्याबाहेर जायचा आणि पाठ करून उभा राहायचा. थोड्या वेळानं आतून पाणी पिण्याचा आवाज यायचा.