पडद्याबाहेर गेलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण मला स्वतःचे अंग नाही. मांडव्याजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत एक मोठा संगणक आहे. त्याच्या पोटात मी दुसरा, आभासी संगणक म्हणून राहतो. होड्यांची नोंद ठेवायची आणि डिझेलची चिठ्ठी काढून द्यायची, हे माझे काम. "यंत्र चुकत न्हाय," असे लोक म्हणत तेव्हा मी सुखावत असे. आता ते आठवले की लाज वाटते.

पावसाळी मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढतात आणि त्यांचा तळ खरवडतात. मला बंद करण्यापूर्वी कारकून धनेशने माझाही तळ खरवडला. वर्षानुवर्षे कोणी न उघडलेल्या मोठ्या फायली त्याने पुसल्या. त्यांतच एक अशी होती, जिच्या मदतीने माझा गाभा, म्हणजे कर्नेल, उठताना डिस्कपर्यंतची वाट शोधतो.

एक ऑगस्टच्या सकाळी मला चालू केले. 'सुरुवातीची फाईल नाही,' ही खरी ओळ मी आधी लिहिली. मग घाबरून पडदाभर मजकूर ओतला आणि शेवटी लिहिले, 'डिस्क सापडत नाही.' खरी ओळ पडद्याबाहेर गेली. डिस्क धडधाकट होती. मी सोबत्यावर खोटा आळ घेतला.

धनेश म्हणाला, डिस्क गेली, एप्रिलमध्ये काढून ठेवलेली नोंदींची राखीव प्रत चढवू. पण दारात चिठ्ठीसाठी उभ्या असलेल्या नीराबाईंची नवी होडी मे महिन्यात नोंदवलेली. त्या प्रतीत ती नव्हतीच, आणि नोंदीशिवाय डिझेल नाही. बाकीच्या होड्या टाकीत उरलेल्या डिझेलवर निघाल्या होत्या आणि भरती ओसरू लागली होती.

"सगल्या गेल्या. माजी होरी काय वालूतच ठेवाची?" नीराबाईंनी विचारले.

सोसायटीत नुकतीच लागलेली हेमांगी विज्ञानाची पदवीधर. तिने प्रत चढवू दिली नाही. मला पुन्हा उठवले, मोबाईलवर पडद्याचा व्हिडिओ काढला आणि संथ करून पाहिला. पहिली ओळ तिला दिसली.

"दादा, बंद करायच्या आधी काय केलंस?"

धनेश पुटपुटला, "साफ केला. होडीसारखा."

"होरीचा तल खरवडतान," नीराबाई म्हणाल्या, "फली न्हाय काढत."

हेमांगीने बाहेरून एक छोटी सिस्टीम जोडून माझी डिस्क उघडली आणि ती फाईल नव्याने बनवली. मी उठलो. चिठ्ठी निघाली. उरल्यासुरल्या पाण्यात नीराबाईंची होडी तरंगली. धनेशने मान वर केली नाही. मला मान असती तर मीही केली नसती.

मित्रांनो, यंत्र जरूर साफ करा, पण काय काढले ते लिहून ठेवा. आणि माझ्यासारखा कोणी ओरडू लागला, तर शेवटच्या ओरडण्यावर जाऊ नका. खरे ते त्याने आधीच, हळू आवाजात सांगितलेले असते.