कळांच्या मांडणीत किरकोळ सुधारणा

तिनं मागची ओळ ऐकायची कळ दाबली आणि कानातला आवाज बंद पडला.

परीक्षक साहेब पुढचं वाक्य सांगायला लागलेही होते. शेजारच्या दोघांच्या कळा खडखडत होत्या. जागा एक, उमेदवार तीन. तिनं कानातली तार चाचपली, ती घट्ट होती. आवाजाचं चाक फिरवून पाहिलं. ढिम्म. पडदा तिला जन्मापासून दिसत नव्हता. पडद्यावर उमटलेलं वाचून दाखवणारा हा आवाज होता, म्हणून तर या कचेरीत ती इतकी वर्षं हंगामी टायपिस्ट म्हणून टिकली होती. आजची परीक्षा पार पडली की ती कायम होणार होती.

"साहेब, आवाज गेला माझा," ती हात वर करून म्हणाली.

"तुमचा तर छान येतोय की."

शेजारी कोणीतरी फिसकन हसलं.

"संगणकाचा, साहेब. काही ऐकू येत नाहीये."

साहेब जवळ येऊन उभे राहिले. "चालू तर दिसतोय. अक्षरंही दिसतायत. पण परीक्षा सुरू असताना मला हात लावता येत नाही, बाई. सगळ्यांना एकच नियम."

माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. ते परत जागेवर गेले आणि मजकूर सांगू लागले.

तिनं घाईघाईनं बोटं कळांवर ठेवली. बोटांचं घर सापडावं म्हणून दोन कळांवर बारीक उंचवटे असतात. या जुन्या कळफलकावरचे झिजून सपाट झाले होते. आवाज साथीला होता तोवर तिचं त्यावाचून कधी अडलं नव्हतं. तिनं अंदाजानं बोटं टेकवली आणि टाइप करू लागली. विहिरीत दगड टाकत राहावं आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं वाटत होतं.

हा वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळायचा. कुठकुठली माणसं घरचं खाऊन तो सुधारत बसायची. त्याचा पसारा सांभाळणाऱ्याला सगळे कारभारी म्हणत. नवी आवृत्ती निघाली की त्यात काय काय बदललं ते लिहायचं काम तिच्याकडे होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता. डोळस माणसाला बदल पडद्यावर दिसतो. न दिसणाऱ्याला तो कोणीतरी सांगावा लागतो, असं ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची.

या खेपेलाही तिनं एकेका बदलाची वेगळी ओळ लिहिली होती. कारभारी फोनवर हसला होता. "ताई, एवढं पुराण कोण वाचतं? एका ओळीत उरका."

गॅसवर दूध होतं, नवरा दारात चपला शोधत होता, आणि तिनं उरकलं होतं. 'कळांच्या मांडणीत किरकोळ सुधारणा.' वर कालच कचेरीतल्या मेकॅनिकला गळ घालून तिनं इथं ती नवी आवृत्ती बसवून घेतली होती. घरच्या संगणकावर अजून जुनीच होती.

कुठल्या कळा बदलल्या होत्या? ती आठवत होती आणि बोटं चालवत होती. कुठलीशी कळ आता मजकूर पुसते, एवढंच डोक्यात येत होतं. ती नेमकी कुठली? भलतीच दाबली तर होतं नव्हतं ते साफ. तिनं कुठल्याच कळेला हात लावला नाही. साहेब शेवटचं "पूर्णविराम" म्हणाले तेव्हा तिच्या पाठीला घामानं ब्लाउज चिकटला होता.

दुपारी साहेबांनी तिला आत बोलावलं. हातातले कागद त्यांनी दोनदा चाळल्याचा आवाज आला.

"बाई, सुरुवातीचं तर अगदी बिनचूक आहे. मी असं काम पाहिलं नाही."

साहेबांनी पान उलटलं.

"पण शेवटचा भाग... हे काय लिहिलंय तुम्ही? एक शब्द लागत नाही."

तिच्या लगेच ध्यानात आलं. हात वर केला होता, आणि परत ठेवताना बोटं एक घर सरकली होती. सगळं जसंच्या तसं, फक्त एक कळ बाजूला.

"लिहिलंय ते बरोबरच आहे, साहेब. जागा चुकलीय."

"ते मला कागदावर दाखवता येत नाही ना," साहेब हळू आवाजात म्हणाले. जागा शेजारच्या मुलीला मिळाली.

घरी आल्यावर नवऱ्यानं काही विचारलं नाही. चपला काढण्यावरूनच त्याला कळलं असावं. त्यानं चहा ठेवला. तिनं कारभाऱ्याला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"अरे देवा," तो म्हणाला. "अहो, मग तीच कळ परत दाबायची होतीत. ती आता आवाज बंद-चालू करते. एकदा दाबली की बंद, परत दाबली की चालू. एवढंच होतं, ताई."

"कुठे लिहिलंय?"

तिला भयंकर राग आला होता, आणि तो धड त्याच्यावर काढता येत नव्हता. ती ओळ तिच्याच हातची होती.

"मी सगळं परत लिहिणारे," ती म्हणाली. "एकेक बदल वेगळा. जुनी कळ कुठली, नवी कुठली, चुकून दाबली तर काय करायचं, सगळं. कोण वाचतं म्हणून परत विचारू नका."

"नाही विचारणार," कारभारी म्हणाला. "लिहा तुम्ही."

चहा निवून गेला तरी ती लिहीत होती. नवरा मागे येऊन उभा राहिला.

"उद्या जायचंय का कचेरीत?"

"जायचंय. हंगामी तर आहेच की मी अजून."

लिहून झाल्यावर तिनं घरच्या संगणकावरही नवी आवृत्ती चढवली आणि लिहिलेलं पहिल्यापासून ऐकायला लावलं. आवाज पहिली ओळ वाचू लागला. मध्येच तिनं ती कळ दाबली. खोली एकदम शांत झाली. नवरा काहीतरी बोलणार होता, तिनं हातानंच त्याला थांबवलं.

मग तिनं तीच कळ परत दाबली. आवाज आला, आणि राहिलेली ओळ पुढे वाचू लागला.