मेलेल्या सुनेचं बारसं

शिवलीला वारली ती कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, पुण्याच्या कुठल्याशा दवाखान्यात. निदान लोहाऱ्यात तरी तसं ठरलं होतं. ठरवलं तिचा सासरा महांतप्पा यानं, आणि बाजारपेठेत कापडाचं दुकान असलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर गावानं माना डोलावल्या. प्रेत कुठंय, असं कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत प्रेतं मिळत नव्हतीच, खोटं बोलायला एवढा चांगला हंगाम पुन्हा आला नसता. घरात तिच्या फोटोला भस्म लागलं, तेराव्याच्या जागी करतात ती शिवगणाराधना झाली, जंगम पुरोहित जेवले, भावकी जेवली. शिवलीलाचा चुलतभाऊ नागप्पा माहेरच्या वतीनं आला, डोळे पुसून पंगतीला बसला आणि गव्हाची गोड हुग्गी दोनदा मागून खाल्ली.

खुद्द शिवलीला त्या दिवशी मस्कतमध्ये एका अरबाच्या घरी भांडी घासत होती. आपण वारलो हे तिला कुणी कळवलं नाही.

तिला मारायचं कारण अगदीच क्षुल्लक होतं. तिचा नवरा शिवानंद याला दुसरं लग्न करायचं होतं, आणि आळंदकडचे पाहुणे जित्या सवतीवर पोरगी द्यायला तयार नव्हते. शिवलीलाला तर त्यानं दोन वर्षं आधीच घराबाहेर काढलं होतं. पोरगा होत नाही हा एक गुन्हा, आणि सासूला, लक्ष्मम्माला, उलट बोलते हा दुसरा. लेकीला, वृषालीला, मात्र त्यांनी ठेवून घेतलं. बारा वर्षांची पोर पाणी भरते, भाकरी थापते, दुकानात घड्या घालते; असली पोर कोण सोडतो? वर म्हणायला मोकळे, की पोरगी आमच्या रक्ताची.

मस्कतचे पहिले दिवस शिवलीला आठवत नाही, म्हणजे आठवायचं नाही असं तिनं ठरवलंय. हैदराबादच्या एजंटानं स्वयंपाकाचं काम सांगून नेलं आणि तिथं अकरा माणसांच्या घराची मोलकरीण केली. घरी फोन लावला की लक्ष्मम्मा राँग नंबर म्हणून ठेवून द्यायची. पुढं तो नंबरही बंद झाला. ती रडली, आजारी पडली, पुन्हा उठली. मग रूवी भागात केरळची एक बाई भेटली. तिची लहानशी खानावळ होती, आणि तिथं येणारे बिदर, कलबुर्गी, उमरग्याकडचे मजूर भात खाऊन खाऊन वैतागले होते. शिवलीलानं तिथं ज्वारीची भाकरी थापायला घेतली. वर शेंगाची चटणी, झुणका, कधी येसर आमटी. मजूर भाकरीचा वास आला की गल्लीच्या तोंडाशीच हसायला लागायचे. वर्षा-दोन वर्षांत ती त्या खानावळीत निम्म्या वाट्याची मालकीण झाली. आता चार बायका तिच्या हाताखाली होत्या आणि कुणाच्या बापाची टाप नव्हती तिला ऊठ म्हणायची.

सगळं झालं, पोर तेवढी इकडं राहिली. ती आपल्याला काय समजत असेल, टाकून गेलेली बाई की मेलेली, या विचारानं भाकरी तव्यावर करपायची. बाकी कशानं तिची भाकरी करपत नसे.

मग लोहाऱ्याच्या एका पोरानं तिथं जेवता जेवता व्हिडिओ काढला आणि 'मस्कतात आपल्या लोहाऱ्याची भाकरी' म्हणून टाकला. चार दिवसांत तो व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर. मेलेली बाई परदेशात हसत हसत भाकरी थापतेय! व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचून आपण वारलो होतो हे शिवलीलालाही तेव्हाच कळलं. दुसऱ्या गावात माणसं शरमेनं घराबाहेर पडली नसती. महांतप्पा दुकानात ताठ बसला आणि म्हणाला, देवाची करणी. मधल्या काळात दुसरी सून भांडून आळंदला निघून गेली होती, शिवानंद बसून खात होता आणि दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा माश्या जास्त होत्या. असतील शितं तर जमतील भुतं म्हणतात; इथं भुतानं शितं कमावली आणि माणसं जमली.

महांतप्पानं नंबर मिळवून स्वतः फोन केला. बाई, झालं गेलं विसर, म्हणाला. पोरगी अठराची झाली, तिचा पासपोर्टही काढलाय, ये आणि घेऊन जा. जाता जाता हळूच म्हणाला, शिवानंदचाही काढलाय. शिवलीलाला त्या क्षणी सगळं कळलं, आणि तरीही तिनं तिकीट काढलं. पोरीसाठी ती वरवंटासुद्धा गिळायला तयार होती.

उमरग्याहून जीपनं ती लोहाऱ्यात उतरली तेव्हा दारात निम्मी गल्ली उभी. लक्ष्मम्मानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण उंबऱ्याच्या आत काही घेईना. आत वृषाली चहाचे कप घेऊन उभी होती. उंच झालेली, आईचंच नाक, आईचेच खांदे. शिवलीलानं हाक मारली तर पोर म्हणाली, "चहा घ्या तुम्ही." एवढंच. कुणा परक्या बाईला म्हणावं तसं तुम्ही. सासरच्या इतक्या वर्षांच्या शिव्या एका पारड्यात आणि ते तुम्ही दुसऱ्यात. तेच जड झालं.

आत घेत का नाहीत, याचं उत्तर शंभुलिंग स्वामीनं दिलं. हा गावचा जंगम. तिच्या शिवगणाराधनेला पहिल्या पाटावर हाच बसला होता. त्याचं म्हणणं असं, की जिचं मागचं सगळं विधिवत झालं ती शास्त्राला मेलेलीच. ती उंबरा ओलांडू शकत नाही, पंगतीला बसू शकत नाही, नवऱ्याच्या नावाचं कुंकू लावू शकत नाही. उपाय एकच. तिनं पुन्हा जन्म घ्यायचा. पाळण्यात घालून बारसं करायचं, मग सगळं सुरळीत.

खोटं आम्ही बोललो, असं एक वाक्य महांतप्पानं चारचौघांत म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ते वाक्य त्या घरात कुणाला येत नव्हतं. चाळिशीच्या बाईला पाळण्यात घालणं त्यांना त्याहून सोपं वाटलं. आणि शिवलीला हो म्हणाली, कारण लक्ष्मम्मानं स्पष्ट सांगितलं, बारसं झाल्याबिगर पोरगी दाराबाहेर पाऊल टाकणार न्हाय.

ती रात्र शिवलीलानं शेजारच्या रिकाम्या गोठ्यात काढली. सकाळी ओसरीतल्या बंगईचा, म्हणजे लाकडी झोपाळ्याचा, पाळणा केला. कड्यांना झेंडूच्या माळा, फळीवर दुकानातलं न खपलेलं जरीचं लुगडं. गल्लीतल्या बायका नटून आल्या. ज्या बाईला सहा वर्षांपूर्वी कुणी घोटभर पाणी विचारलं नव्हतं तिच्यासाठी आता झबल्याऐवजी खण आणला होता. शिवलीलाला अंगणाकडच्या बाजूनं बंगईवर निजवलं, म्हणजे शास्त्रापुरता उंबरा शाबूत. पाय बाहेर लोंबत होते. मूल वरखाली द्यायची रीत असते, पण हे मूल उचलणार कोण, म्हणून बायकांनी वरवंटाच बंगईखालून इकडून तिकडं दिला. तोंडाला पदर लावून त्या हसत होत्या, आणि शिवलीला वरच्या तुळयांकडं मोजत असल्यासारखी पाहत होती. तिला राग येत नव्हता. या माणसांवर रागावणं म्हणजे त्यांना मोठं करणं, असं तिला वाटत होतं.

आत्या म्हणून नणंद रुद्रम्मा पुढं झाली, कानात कुर्र करून तिनं जुनंच नाव पुन्हा ठेवलं. बायकांनी रीतीप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटल्या. एवढ्यात शिवानंद पुढं आला. नवा शर्ट, हातात मंगळसूत्र. स्वामीनं खूण केली, आता घाल म्हणून.

शिवलीला उठून बसली आणि तिनं हात आडवा धरला.

"स्वामी, माझा जल्म झाला का?"

"झाला की, बाई."

"पक्का? काय ऱ्हायलं न्हाय ना?"

"समदं झालं. मागचं समदं धुतलं. आज तू नवी."

"मग आज जल्मलेल्या पोरीला नवरा कुठला वो?" ती शांतपणे म्हणाली. "माझं लगीन मागल्या जल्मी झालतं. त्या बाईला तुमी मारली, तिची हुग्गी बी खाल्ली. हा बाप्या माझा कोण लागतो?"

अंगणातलं हसू एकदम थांबलं, आणि मग मागच्या बाजूला कुणाला तरी आवरलंच नाही. स्वामी आपल्या शेल्याचं टोक चाचपू लागला. महांतप्पा म्हणाला, असं कुठं असतं व्हय. आपणच बांधलेल्या गाठीत तो अडकला होता. शिवलीलाला फार दिवसांनी बरं वाटलं.

पण लक्ष्मम्मा नवऱ्यासारखी ढिली नव्हती. ती पुढं आली आणि प्रत्येक शब्द चावून बोलली.

"बरं सांगितलंस. नवरा न्हाय, सासर न्हाय. मग पोरगी बी न्हाय. आज जल्मलेलीला लेक कुठली? वृषाली, आत चल."

शिवलीलाचा सगळा रुबाब तिथंच गळून पडला. तिचंच बोलणं तिच्या अंगावर उलटलं होतं, आणि तेही सरळ, कुठं फट न ठेवता. तिनं लेकीकडं पाहायचंही टाळलं. आता ही आत जाणार, एवढंच तिला कळत होतं.

वृषाली घुगऱ्यांचं पातेलं खाली ठेवून बंगईपाशी आली.

"अव्वा, लेकरू जल्मलंय म्हणता," ती आजीला म्हणाली, "तर हिची आई कोण?"

रुद्रम्मा दुसरीकडं बघायला लागली. वृषालीनं जमलेल्या बायकांवरून नजर फिरवली. एकही बाई पुढं आली नाही.

"कुणीच न्हाय?" ती म्हणाली आणि बंगईवर आईशेजारी बसली. "मग मी हाय. तान्हं लेकरू टाकून आई कुठं आत जात न्हाय. लेकराला आईपासून तोडायचं ते तुमच्या घरात झालं, एकदा."

तिनं आईचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. मग आवाज फुटला तिचा. "मला हिच्या मरणाची हुग्गी वाढली तुमी. म्या खाल्ली. गोड हाय का, असं बी विचारलं तुमी मला." शिवलीला तिच्या खांद्यावर तोंड खुपसून रडली, सगळ्या गल्लीसमोर, अगदी तान्ह्या पोरासारखी. आजवर या अंगणात तिनं ते कधी होऊ दिलं नव्हतं.

थोड्या वेळानं वृषाली आत जाऊन आपली पिशवी आणि पासपोर्ट घेऊन आली. तिला अडवायला कुणी धजलं नाही. अडवायचं तर कुठल्या तोंडानं अडवायचं? महांतप्पा बायकांना घुगऱ्या घ्या, घुगऱ्या घ्या म्हणत होता. शिवानंद मात्र मंगळसूत्र धरून जिथल्या तिथं उभा होता. मायलेकी फाटकाशी गेल्यावर त्याला वाचा फुटली.

"आणि माझं काय? माझा बी पासपोर्ट काढलाय की."

वृषाली थांबली.

"तुमाला आधी मरावं लागंल, पप्पा," ती म्हणाली. "मेल्याबिगर दुसरा जल्म मिळत न्हाय."

मग तिनं आईचा हात धरला आणि दोघी जीपच्या थांब्याकडं चालू लागल्या.